दारीं सांवर लावावी काय ?

नवें घर झालें कीं दारीं एखादें झाड असावें असें प्रत्येक गृहस्थास वाटतें, आणि तें झाड आपल्या डोळ्यांदेखत वाढावें ही इच्छाही त्या जोडीला असतेच. आंबा लावणारा नातवाकरितां लावतो, वड लावणारा गांवाकरितां लावतो. परंतु ज्याला पांचसहा वर्षांतच झाडाखालीं खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचावयाचें आहे, त्यानें काय लावावें? मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाचें उत्तर रोपवाटिकेंतील माळी चटकन् देऊन टाकतो. तो गुलमोहर दाखवितो किंवा पर्जन्यवृक्ष दाखवितो. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटांतला, पर्जन्यवृक्ष अमेरिकेंतला. दोन्ही झाडें देखणीं आहेत, दोन्ही लवकर वाढतात. त्यांची निंदा करण्याचें मला कारण नाहीं. परंतु कांदिवलीसारख्या ठिकाणीं, जेथून पूर्वेस मान वळविली कीं डोंगर दिसतो, तेथें त्याच डोंगरावर आपोआप उगवणारें, उंच, झपाट्यानें वाढणारें आणि फुलांनीं लालभडक होणारें झाड असतां तें कोणास आठवूं नये, याचें मात्र नवल वाटतें. तें झाड म्हणजे सांवर, कांटेसांवर, संस्कृतांतील शाल्मली.

आपल्या भूमींत आपोआप वाढणारें मोठें झाड निवडावें ही कांहीं केवळ आपल्याकडचीच कल्पना नव्हे. अमेरिकेच्या मध्यभागीं जो अफाट गवताळ प्रदेश आहे, तेथें मैलोगणती एकही झाड दिसत नसे. दिसलें तर नदीनाल्यांच्या कांठीं. तें झाड पॉपलर वर्गांतलें. त्याच्या बीजांना कापूस असतो आणि तो उन्हाळ्याच्या आरंभीं वाऱ्यावर उडत राहतो. म्हणून तिकडील लोकांनीं त्याचें नांवच कापसावरून ठेविलें आहे. १८७३ सालीं तेथील सरकारनें असा कायदा केला कीं, जो वसाहतवाला ४० एकरांत झाडें लावून वाढवील त्यास १६० एकर जमीन मिळावी. तेव्हां पुष्कळांनीं हेंच झाड पसंत केलें, कारण त्याची ओली फांदी ओल्या जमिनींत खुपसली कीं ती मूळ धरते. पुढें १८९१ सालीं तो कायदा रद्द झाला. नदीकांठचें हें झाड कोरड्या माळावर नेऊन लावल्यामुळें कित्येक लागवडी वाळून गेल्या होत्या. तथापि लोकांच्या मनांतून झाड गेलें नाहीं. कॅन्सस संस्थानानें १९३७ सालीं, वायोमिंगनें १९४७ सालीं व नेब्रास्कानें १९७२ सालीं त्यास आपला राज्यवृक्ष ठरविलें. या हकीकतींतला बोध एवढाच कीं, झाड स्वदेशीं असणें पुरेसें नाहीं. तें स्वस्थानींही असावें लागतें. हा बोध मला स्वतःच्या अनुभवानें, आणि तोही बराच उशिरां झाला. तें पुढें सांगतों.

हेंच अमेरिकन पॉपलर हिंदुस्थानांतही आलें आहे, आणि त्याच्या येण्याशीं आपल्या सांवरीचा दूरचा संबंध आहे. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना मुंबईजवळ अंबरनाथ येथें होता. आगकाडीला पांढरें, हलकें, सरळ चिरलें जाणारें लाकूड लागतें, आणि आपल्याकडे या कामीं सांवरीचें लाकूड उत्तम ठरलें. पेट्या, खोकीं, प्लायवूड यांतही तें पुष्कळ गेलें. रानांतील सांवरी कमी होऊं लागल्या तेव्हां दुसऱ्या लाकडाचा शोध सुरू झाला, आणि १९८० नंतरच्या दशकांत याच कंपनीनें उत्तरप्रदेशाच्या तराईंत शेतकऱ्यांकडून पॉपलरची मोठी लागवड करविली. आज उत्तरेंत उसाच्या व गव्हाच्या शेतांच्या बांधांवर जीं सरळसोट झाडें रांगेनें उभीं दिसतात तीं हींच. परंतु अठ्ठावीस अंश अक्षांशाच्या दक्षिणेस हें झाड मनासारखें वाढत नाहीं. मुंबई एकोणीस अंशांवर. तेव्हां पॉपलरचा मोह आपण सोडावा. आपल्या वांट्यास सांवर आली आहे आणि ती कांहीं कमी प्रतीची नाहीं.

कांदिवली ही आतां गजबजलेली वस्ती झाली असली तरी जुन्या साष्टी बेटांतलें हें एक खेडेंच होतें. आकुर्लीजवळच्या पडण टेकडीवरील प्राचीन खुणांची नोंद १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत सांपडते. १९२० नंतर बॅक बे येथील समुद्र बुजविण्याच्या कामासाठीं येथील खाणींतून दगड गेला. आणि १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हां हें गांव शहरांत आलें. डोंगर मात्र जागेवर राहिला, कारण तो राष्ट्रीय उद्यानांत गेला. त्या उद्यानांतूनच पोयसर नदी निघते आणि कांदिवलींतून वाहत खाडीस मिळते. २०२२ सालीं द्रुतगति महामार्गावरून मेट्रो धांवूं लागली. जानेवारी-फेब्रुवारींत आकुर्ली किंवा पोयसर स्थानकाच्या उंच फलाटावर उभें राहून पूर्वेकडे पाहावें. करड्या पडलेल्या रानांत मधूनमधून तांबडे ठिपके दिसतात. ते पळसाचे, पांगाऱ्याचे आणि सांवरीचे.

सांवर ओळखण्यास सोपी आहे. खोड सरळ, करड्या रंगाचें. कोवळ्या झाडावर शंकूच्या आकाराचे जाड कांटे. झाड वयांत आलें कीं खालचे कांटे झडतात आणि बुंध्याशीं भिंतीसारखे आधार सुटतात. फांद्या खोडाभोंवतीं चक्राकार, आडव्या फुटतात; पानें हाताच्या पंजासारखीं, पांच ते सात दळांचीं. पूर्ण वाढलेलें झाड ऐंशी-शंभर फूट सहज होतें. मार्गशीर्ष-पौषांत तें पानें टाकूं लागतें व अगदीं निष्पर्ण होतें, आणि मग त्या उघड्या फांद्यांवर मूठभर आकाराचीं, जाड पांच पाकळ्यांचीं लाल फुलें येतात. येथें एक सावधगिरीची सूचना देतों. बाजारांत पांढरी सांवर म्हणून जें रोप मिळतें तें निराळें. त्याचें खोड हिरवट, फुलें पांढुरकीं आणि मूळ अमेरिकेचें. कापूक नांवाचा कापूस त्याचा. रोप घेतांना लाल फुलांची कांटेसांवर मागून घ्यावी, नाहीं तर आठदहा वर्षांनीं फूल येईल तेव्हां चूक कळेल.

आमच्या घरीं सांवर आली ती आईमुळें. १९७२ सालीं आम्ही गिरगांवांतील चाळ सोडून कांदिवलीस राहण्यास आलों. आईचें बालपण कोंकणांत गेलेलें. चाळींतल्या तुळशीवर तिनें तीस वर्षें काढलीं होतीं. एका महाशिवरात्रीस आम्ही कान्हेरीस गेलों असतां वाटेंत सांवर फुललेली तिला दिसली. ती तेथेंच उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे एवढी मोकळी जागा आहे, तर हें झाड कां नाहीं ?" मला उत्तर सुचलें नाहीं. १९८४ च्या वैशाखांत एका ओळखीच्या गृहस्थांच्या वाडींतील झाडाखालीं पडलेलीं चार बोंडें मीं आणलीं, आईनें बीं पेरलें, आणि त्या पावसाळ्यांत एक रोप मीं कुंपणाच्या भिंतीशीं लाविलें. भिंतीपासून दोन हात, पाण्याच्या नळापासून तीन हात. झाड लहान होतें. तें मोठें होणार हें मला ठाऊक होतें, परंतु मोठें म्हणजे किती, याचा विचार मीं केला नाहीं.

झाडानें आपलें काम चोख केलें. पांचव्या वर्षीं तें पहिल्या मजल्याच्या वर गेलें. नवव्या वर्षीं फुललें. सकाळीं आई खिडकींत बसून त्यावर येणारे पक्षी मोजी. कावळे, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, शिवाय खारी, आणि रात्रीं वटवाघळें. या फुलांच्या पेल्यांत मध पुष्कळ असतो आणि तो उघडाच असतो. पिणाऱ्याच्या डोक्यास पराग लागतो व तो पुढच्या फुलास जातो. फुलें व पक्षी यांच्या या देवघेवीवर डॉ. सालिम अली यांनीं १९३२ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत सविस्तर लेख लिहिला होता. आईनें तो अर्थातच वाचला नव्हता, पण "पाहुणे आले तेच लग्न ठरवून गेले" असें ती म्हणे, तात्पर्य तेंच.

पंधराव्या वर्षीं भिंतीस तडा गेला. सतराव्या वर्षीं नळ दोनदां फुटला. अठराव्या वर्षीं, म्हणजे २००२ च्या पावसाळ्यांत, एक मोठी फांदी मोडून शेजारच्या पत्र्यावर पडली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. तथापि शेजाऱ्यांच्या घरीं लहान मूल होतें आणि त्यांची भीति खोटी नव्हती. सोसायटीच्या सभेंत झाड काढण्याचा ठराव आला. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणें शहरांत परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. रीतसर अर्ज झाला, पाहणी झाली, परवानगी मिळाली. मीं विरोध केला नाहीं. दोष झाडाचा नव्हता. ज्यानें तें तेथें लाविलें त्याचा होता, आणि तो सभेंत पहिल्या रांगेंत बसला होता.

त्या रात्रीं आईनें मला शांतिपर्वांतील गोष्ट सांगितली. हिमालयावर एक प्रचंड शाल्मली होती. नारदांनीं तिची स्तुति केली तेव्हां ती म्हणाली कीं, वायूचेंही माझ्यापुढें कांहीं चालत नाहीं. नारदांनीं तें वायूस कळविलें; वायु रागावला आणि उद्यां येतों म्हणून बजावून गेला. रात्रभर शाल्मलीनें विचार केला आणि वारा येण्यापूर्वीं स्वतःच आपल्या फांद्या, पानें, फुलें टाकून दिलीं. सकाळीं वायु आला, हंसला आणि म्हणाला, मीं जें केलें असतें तें तूंच करून ठेविलेंस. भीष्मांनीं युधिष्ठिरास ही गोष्ट सांगितली ती बलवंताशीं वैर करूं नये यासाठीं. आईनें तिचा अर्थ निराळा काढला. ती म्हणाली, "तें झाड मेलें असें कोठें सांगितलें आहे ? पानें टाकणें हा तर सांवरीचा नेमच आहे. पुन्हां लाव, पण या खेपेस जागा बघून लाव." २००९ सालीं ती गेली. मला जागा बघण्यास आणखी पांच वर्षें लागलीं.

आतां ज्यांना सांवर लावावयाची आहे त्यांच्यासाठीं कृति सांगतों. बोंडें चैत्र-वैशाखांत पिकतात. तीं झाडावर पूर्ण उकलण्यापूर्वीं उतरवावीं आणि पातळ फडक्याखालीं उन्हांत ठेवावीं. नाहीं तर कापूस घरभर होतो व आमच्या मंडळींप्रमाणें आपल्या मंडळींचाही रोष ओढवतो. बोंड उकललें कीं कापूस हातानें चोळून काळपट बीं वेगळें करावें. बीं फार लहान. एका किलोंत वीसपंचवीस हजारांहून अधिक भरतें, म्हणून एका बोंडांत आळीभर पुरेल इतकें मिळतें. तें त्याच वर्षीं पेरावें. जुन्या बियांची उगवण कमी होत जाते. मृगाच्या सुमारास पिशवींत माती, वाळू व कुजलेलें शेणखत घालून बोटाच्या अर्ध्या पेराइतकें खोल पेरलें म्हणजे दोनतीन आठवड्यांत कोंब दिसतात. पाणी बेताचें द्यावें, कारण सांचलेलें पाणी या रोपास सोसत नाहीं. ओली फांदी लावूनही सांवर येते. परंतु बियांच्या झाडाचें सोटमूळ खोल जातें, म्हणून घराजवळ बीं पेरूनच झाड करावें.

पुढच्या पावसाळ्यांत रोप जमिनींत लावावें. खड्डा दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. जागा पूर्ण उन्हाची पाहिजे. इमारतीच्या सावलींत सांवर वांकडी होते आणि वांकडी सांवर पुढें धोक्याची होते. इमारत, कुंपण, नळ, गटार आणि विजेच्या तारा या सर्वांपासून निदान पस्तीस-चाळीस फूट अंतर असावें. एवढी जागा नसेल तर सांवर लावूंच नये. त्यापेक्षां बहावा किंवा तामण लावावें, तींही आपलींच आणि आटोपशीर. शेंडा कधीं खुडूं नये. खालच्या फांद्या लहान असतांनाच, दरवर्षीं थोड्याथोड्या, काढाव्या. मोठी झालेली फांदी तोडली कीं मऊ लाकडांत पाणी मुरतें व कूज शिरते. बुंध्याभोंवतीं सिमेंट घालूं नये. २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलें तेव्हां शेंकडों झाडें पडलीं. त्यांतील पुष्कळांच्या मुळांशीं फरशी आणि काँक्रीट गळ्याशीं आलेलें सर्वांनीं पाहिलें आहे. पायांत बेडी घालून झाडाला वाऱ्याशीं कुस्ती करावयास लावणें हा न्याय नव्हे.

सांवरीवरचे आक्षेपही ऐकले पाहिजेत. कापूस उडतो हें खरें. पण तो दोनतीन आठवडेच. कांटे असतात हें खरें. म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेंत ती नको. वैशाखांत झाडाखालीं तांबडे किडे गोळा होतात. ते बियांवर जगतात, माणसास त्रास देत नाहींत. हिंवाळ्यांत सावली मिळत नाहीं, हा आक्षेप मात्र मला कधींच समजला नाहीं. थंडींत ऊन हवें आणि वैशाखांत सावली हवी, हें तर आपलेंच मागणें. सांवर नेमकें तेंच करते. उलट बाजूस तिचे गुण पाहावे. तिच्या कापसाच्या उशा आपल्या आजींनीं भरलेल्या आहेत. तिचा डिंक मोचरस या नांवानें वैद्य अतिसारावर योजतात. गळलेलीं फुलें रानांत हरणें खातात. हितोपदेशाच्या आरंभीं गोदावरीच्या तीरीं पक्ष्यांना रात्रीचा आसरा देणारें झाड शाल्मलीच आहे, आणि बाणभट्टाच्या कादंबरींतला पोपटही एका जुन्या शाल्मलीच्या ढोलींत जन्मला. एक दुःखाची गोष्ट अशी कीं, कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं होळीसाठीं सांवरीचेंच खोड आणतात. सण मोडावा असें मी म्हणत नाहीं. पण ज्यानें एक तोडली त्यानें त्याच पावसाळ्यांत दोन लावाव्या, एवढा नियम गांवकीनें केला तर होळी आणि सांवर दोन्ही टिकतील.

आमची दुसरी सांवर २०१४ सालीं लाविली. आवाराच्या वायव्य कोपऱ्यांत, इमारतीपासून चाळीस फुटांवर, जेथें नळ नाहीं, तारा नाहींत. ती जोमानें वाढली. आणि ती दहा वर्षांची होते न होते तोंच इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. आमची इमारत पन्नाशीची. छतें गळतात, वृद्ध माणसें जिना चढूं शकत नाहींत. पुनर्विकास हवाच होता, आणि त्यास माझीही सही आहे. नकाशा आला तेव्हां वायव्य कोपऱ्यांत चार मोटारी उभ्या होत्या.

सभेंत मीं भाषण केलें नाहीं. भाषण करणाऱ्या म्हाताऱ्याचें कोणी ऐकत नाहीं, हें मला शाळेंत तीस वर्षें शिकवून कळलें होतें. मीं एवढेंच म्हटलें कीं, त्या चारांपैकीं एक जागा माझी आहे. ती मी सोडतों. आणखी कोणी सोडतो काय? बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ज्यांच्या पत्र्यावर २००२ सालीं फांदी पडली होती, त्या घरचा मुलगा उठला. तेव्हां तो पाळण्यांत होता. आतां नोकरी करतो. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे गाडी एकच आहे आणि जागा दोन मिळतात. एक घ्या." उरलेल्या दोन जागा वास्तुशास्त्रज्ञांनीं दुसरीकडे बसविल्या. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांस कायद्यानें विशेष संरक्षण मिळालें आहे. आमच्या झाडाला तो मान मिळण्यास अजून चाळीस वर्षें आहेत. तोंपर्यंत त्याला शेजाऱ्यांच्या सद्भावावरच उभें राहिलें पाहिजे.

तेव्हां दारीं सांवर लावावी काय, या प्रश्नाला माझें उत्तर असें कीं, जागा असेल तर अवश्य लावावी, आणि जागा नसेल तर ती करावी; मात्र रोप हातीं घेण्यापूर्वीं, तें शंभर फूट उंच झालें आहे अशी कल्पना करून त्याच्या भोंवतीं एकदां फिरून यावें. मीं १९८४ सालीं ती प्रदक्षिणा घातली असती, तर आईच्या हातचें झाड आज एकेचाळीस वर्षांचें असतें.

गेल्या माघांत दुसऱ्या सांवरीला पहिल्यांदाच फुलें आलीं. मोजून अकरा. सकाळीं साडेसातच्या सुमारास एक साळुंकी आली. नातीनें ती वहींत लिहून ठेविली आहे.